शाळेवर नव्यानं रुजू होताय? आधी टायपिंग आणि फाइल, ॲप नंतर

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, सोलापूर जिल्ह्यातली शाळा मिळाली, रुजू अहवाल दिला. दोन-चार दिवसांत मुख्याध्यापक चहाचा कप पुढे करत म्हणतात, "तुम्ही नवीन पोरं, तुम्हाला कॉम्प्युटर येतोच. तेवढ्या लिंका भरा की ओ सर." त्या दिवसापासून शाळेचं सगळं ऑनलाइन खातं तुमच्या गळ्यात पडतं. हा लेख अशा शिक्षण सेवकांसाठी, म्हणजे परिविक्षेतल्या नव्या शिक्षकांसाठी आहे. शहरातल्या महापालिका किंवा अनुदानित शाळांत नव्यानं आलेल्यांना आणि डी.एल.एड. करणाऱ्यांनाही तो चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. रील बनवता येणं आणि शाळेचं डिजिटल काम येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येते, हा समज मुख्याध्यापकांचाही असतो आणि तुमचाही.

वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या गुरुजींना विचारून पाहा. २००१ पासून एमएस-सीआयटी आलं, तेव्हा ते संगणक केंद्रात जाऊन माउस धरायला शिकले. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणारं सरल आलं, त्याच वर्षी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासकीय कार्यक्रमाच्या धामधुमीत लोकवर्गणीतून शाळाशाळांत टीव्ही आणि प्रोजेक्टर लागले. २०१७ मध्ये धड्यांचं डिजिटल साहित्य देणारं दीक्षा, मग शाळांची माहिती गोळा करणारं यू-डायस प्लस, २०२० मध्ये टाळेबंदी आणि व्हॉट्सॲपवरचा अभ्यास, २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी. एकाच नोकरीत एवढं सगळं येऊन गेलं. प्रत्येक वेळी प्रशिक्षण झालं ते त्या-त्या ॲपचं: हे बटण दाबा, ते बटण दाबा. ॲप बदललं की ते शिकणं वाया. प्रत्येक ॲपच्या खाली असणारी कामं मात्र तीच राहिली. मराठीत नीट टंकणं, फाइल सांभाळणं, आकडा मूळ कागदाशी ताडणं, मुलांची माहिती झाकून ठेवणं आणि यंत्रानं दिलेलं उत्तर तपासणं. म्हणून खालचा क्रम ॲपच्या नावांनी लावलेला नाही.

पहिली पायरी : कुलपं कोणती आणि किल्ल्या कुणाकडे

पहिल्या आठवड्यात काहीही भरू नका. एक वही घ्या आणि शाळेची ऑनलाइन खाती लिहून काढा: यू-डायस प्लस, स्टुडंट पोर्टल, पगाराचं शालार्थ, पोषण आहाराची रोजची माहिती, शाळेचा ईमेल, चॅटबॉटवरची हजेरी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: लॉगिन कुणाच्या नावे, ओटीपी कोणत्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल असलेला माणूस सध्या कुठल्या शाळेत आहे.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. द्विशिक्षकी शाळेत हमखास असं होतं की ओटीपी बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांच्या फोनवर जातो. ते आता करमाळ्यात, शाळा अक्कलकोटला, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. ते वर्गात असले तर फोन उचलत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. नंबर बदलून घेण्याचं काम पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात होतं. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन तिथं शाळांची ऑनलाइन माहिती सांभाळणाऱ्या एमआयएस कोऑर्डिनेटरला भेटा. हा माणूस पहिल्याच महिन्यात ओळखीचा करून घ्या, पुढे दर महिन्याला लागणार आहे.

शाळेचा यू-डायस क्रमांक पाठ करा. तो ११ अंकी असतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. आपल्या जिल्ह्यातला क्रमांक २७३० नं सुरू होतो. एखाद्या यादीत तुमच्या शाळेपुढे वेगळीच सुरुवात दिसली तर तिथंच थांबा.

पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सॲप गटात टाकू नका. वहीत लिहून कपाटात ठेवणं फार आधुनिक वाटत नसेल, पण सगळ्या शिक्षकांच्या फोनवर फिरणाऱ्या फोटोपेक्षा ते बरं.

दुसरी पायरी : युनिकोडमध्ये हात बसवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या असं माझं म्हणणं आहे, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात.

शाळेच्या संगणकात जुन्या प्रश्नपत्रिका, दाखल्याचे नमुने, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची इतिवृत्तं असतात. त्यातली एखादी फोनवर उघडा. 'प्रथम सत्र परीक्षा' असं दिसायला हवं तिथं रोमन अक्षरं, डॉलरचं चिन्ह, उलटे-सुलटे कंस असा खिचडा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असते. त्या पद्धतीत संगणक आत रोमन अक्षरच साठवतो, फक्त त्याचं चित्र देवनागरी दाखवतो. फॉन्ट नसला की चित्र गळून पडतं आणि आतलं रोमन उघडं होतं. युनिकोडमध्ये 'क' हा आतूनही 'क'च असतो, म्हणून तो कुठल्याही फोनवर, कुठल्याही पोर्टलवर तसाच दिसतो. पोर्टलवरचा शोध, आवाजात वाचून दाखवणारी ॲप आणि आताची एआय साधनं यांना युनिकोडच कळतं. शाळेचं वीस वर्षांचं दप्तर जुन्या फॉन्टमध्ये अडकलं असेल तर नव्या साधनांना ते वाचताच येत नाही.

आता करायचं काय? विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. तिथं फोनेटिकही मिळतो आणि इनस्क्रिप्टही. रोमन अक्षरं टंकून मराठी उमटवणारा फोनेटिक लवकर येतो, पण मी इनस्क्रिप्टच शिका म्हणेन. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. 'के'वर क, 'जे'वर र, 'डी'वर पाय मोडायची खूण. 'दुसऱ्या', 'सोलापूरच्या', 'क्ष', 'ज्ञ' हे शब्द रोज दहा मिनिटं टंका. 'दुसऱ्या' मधला ऱ शिफ्ट धरून 'जे' दाबल्यावर येतो, आणि तो न सापडल्यामुळे अर्ध्या जिल्ह्याच्या परिपत्रकांत 'दुसर्या' असतं. महिनाभरात हात बसतो. फोनवर बोलून टंकायची सोय आहेच, लांब मजकुरासाठी ती वापरा, पण विशेषनामं तिच्यावर सोडू नका. 'बिराजदार', 'म्हेत्रे', 'यलगुलवार' ही आपल्याकडची आडनावं ती मनानं दुरुस्त करते.

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. रूपांतर झालं की ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन जागा डोळ्यांखालून घाला. बिघाड होतो तो बहुधा तिथंच. सगळ्या फायली बदलत बसू नका. दाखल्याचे नमुने, इतिवृत्तं आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुरे.

तिसरी पायरी : आकडा रजिस्टरमधून पोर्टलवर, उलट नाही

पोर्टलवर काय आहे ते बघून जनरल रजिस्टर दुरुस्त करायचा मोह होतो. करू नका. दाखल-खारीजचं रजिस्टर हा मूळ दस्तऐवज, पोर्टल ही त्याची नक्कल. नाव, आईचं नाव, जन्मतारीख ही रजिस्टरप्रमाणेच भरा. आधार कार्डावर वेगळं असेल तर पालकांना सांगून आधार दुरुस्त करून घ्या.

हे एवढं का ताणायचं? संचमान्यता, म्हणजे तुमच्या शाळेला किती शिक्षक मंजूर, ही पटावर ठरते, आणि पटासाठी ३० सप्टेंबर ही तारीख धरतात. मुलगा रोज वर्गात बसतो, पण पोर्टलवर त्याचं आधार 'मिसमॅच' दाखवत असेल तर कागदावर तो मोजणीतून निसटू शकतो. स्पेलिंगमधलं एक अक्षर आणि शिक्षकाचं एक पद, यांचा संबंध इतका जवळचा आहे. म्हणून हे काम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढू नका, जुलैत काढा.

एक्सेलचे चार खड्डे आधीच सांगून ठेवतो.

बारा अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात टाकला की तो दशांश आणि 'ई' असलेल्या विचित्र रूपात दिसतो. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग क्रमांक टाका. बँक खात्याच्या क्रमांकाचंही तसंच. सुरुवातीची शून्यं एक्सेल गिळतो आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतो.

जन्मतारीख ०५/०६ अशी लिहिली तर तुमच्यासाठी ५ जून. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर त्याच्यासाठी ६ मे. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखांत हा घोळ गुपचूप होतो, तेराव्या तारखेपासून तो उघड दिसतो. यादीत एकही मूल १२ तारखेनंतर जन्मलेलं दिसेना, की समजा कुठंतरी उलटापालट झाली.

नावं वर्णक्रमानं लावताना फक्त नावाचा रकाना निवडून 'सॉर्ट' दाबलं तर नावं हलतात आणि बाकीचे रकाने जागेवर राहतात. एकीची जन्मतारीख दुसरीला. आधी पूर्ण तक्ता निवडा.

आणि काम सुरू करण्याआधी फाइलची प्रत काढून तिच्या नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशा नावांच्या फायली प्रत्येक शाळेत आहेत. त्यातली खरी कोणती, हे त्या करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक काम पडतं, ते दुसरीकडच्या मार्गदर्शिकेत सापडणार नाही. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की माळशिरस, पंढरपूर, माढा या पट्ट्यात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची मुलं दाखल्याशिवाय तुमच्या दारात उभी राहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही किंवा यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला आधी वर्गात बसवा. मग मूळ शाळेचं नाव आणि शक्य असेल तर यू-डायस क्रमांक पालकांकडून किंवा मुकादमाकडून मिळवा, त्या शाळेला फोन करा, त्यांनी मुलाला पोर्टलवर मोकळं केलं की तुम्ही पोर्टलवरच्याच 'ड्रॉपबॉक्स' या यादीतून आत घ्या. मार्चमध्ये टोळी परत निघाली की हेच उलट. तुम्ही मोकळं करायला विसरलात तर ते मूल तिकडं महिनोन्महिने कागदावर नसतं. कुठलंही प्रशिक्षण हे शिकवत नाही. शेजारच्या शाळेतल्या अनुभवी बाईंना विचारा, त्यांना तोंडपाठ असतं.

चौथी पायरी : वर्गात एक धडा, एक साधन

इथपर्यंत सगळं कार्यालयीन झालं. खरं काम वर्गातलं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत २००९ मध्ये रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. १० लाख डॉलरची ती रक्कम, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. पुस्तकाला क्यूआर कोड जोडायची त्यांची कल्पना आज इतकी रुळलीय की तिचं नवल वाटत नाही. नव्या शिक्षकानं त्यातून उचलावं ते एवढंच की साधन साधं होतं आणि ते मुलांच्या हातात आधीच असलेल्या वस्तूला, पुस्तकाला, चिकटवलेलं होतं. नवीन यंत्र विकत आणून मग त्याचं काय करायचं हे शोधण्याचा प्रकार तिथं नव्हता.

तुम्हीही तेच करा. सत्रातला एक असा धडा निवडा जो फळ्यावर समजावणं खरोखर जड जातं. चंद्राच्या कला, हृदयाचं काम, अपूर्णांक. त्या पानावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपनं स्कॅन करा. कोड पुसट झाला असेल तर त्याच्याखाली सहा अक्षरांचा संकेत असतो, तो टंकला तरी चालतो. घरी वाय-फायवर असतानाच व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, शाळेत नेटच्या भरवशावर राहू नका. पूर्ण बघा. दहा मिनिटांतली अडीच मिनिटं कामाची असतील, तर तेवढीच दाखवा, मध्ये थांबवा, विचारा, पुन्हा दाखवा.

डी.एल.एड.वाल्यांनी टीपॅकचं नाव ऐकलं असेल, पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेलं. विषय, शिकवण्याची रीत आणि तंत्र या तिन्हींची जाण एकत्र आल्याशिवाय साधन उपयोगी पडत नाही, हा त्याचा गाभा. परीक्षेत आकृती काढून मार्क मिळतात. वर्गात ते कळतं जेव्हा व्हिडिओ संपतो आणि मुलं टाळ्या वाजवतात, पण प्रश्नाला उत्तर येत नाही.

सोलापुरात भाषेचाही विचार करावा लागतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं घरात कन्नड, शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू, कुठं उर्दू किंवा दखनी. मूल मराठी शाळेत, पण व्हिडिओतली पुणेरी मराठी त्याच्यासाठी अर्धी परकी. अशा वेळी व्हिडिओचा आवाज बंद करून तुम्ही स्वतः बोललात तर ते जास्त पोचतं. दीक्षावर इतर भाषांतलं साहित्यही आहे. कन्नड किंवा तेलुगूतलं तेच प्रकरण शोधून ठेवा, एखाद्या मुलीला ते एकदाच ऐकवलं तरी गाठ सुटते. मोठ्यानं वाचायला लावून चुका दाखवणारं गुगलचं रीड अलाँग हे ॲप मराठीतही चालतं. बुजऱ्या मुलांना ते आवडतं, कारण हसणारं कुणी नसतं. पण वेगळ्या उच्चारालाही ते कधी चूक ठरवतं, तेव्हा तुम्ही जवळ असायला हवं.

ज्या घरात फोन नाही त्या मुलांना गृहपाठ फोनवर देऊ नका, हे सांगायला नको. टाळेबंदीत शहरातल्या निलमनगर भागात, जिथं यंत्रमागावर आणि विड्यांवर घरं चालतात, एका शाळेनं वस्तीतल्या भिंतींवर धडे रंगवले होते. डिजिटल साक्षरतेत हेही धरा: कोणतं काम डिजिटल करायचं नाही, ते ओळखणं.

एप्रिलातल्या सकाळच्या शाळेतही दहा वाजता पत्र्याखालची खोली तापते आणि फोन गरम होऊन बंद पडतो. कापड भिजवून वगैरे ठेवू नका. टीव्हीचा तास पहिलाच घ्या.

पाचवी पायरी : एआयला काम द्या, उत्तर तुम्ही तपासा

आता ज्याची सगळ्यांना उत्सुकता आहे ते. चॅटजीपीटी किंवा जेमिनीला मराठीत विचारलं की मराठीत उत्तर येतं, आणि ते इतकं सफाईदार असतं की तपासावंसंच वाटत नाही. धोका तिथं आहे. आता नेटवर शोधायची सोय असली तरी ही साधनं मुळात उत्तर शोधून आणत नाहीत. शिकलेल्या प्रचंड मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता येईल हे ठरवत ती वाक्य रचतात. ज्या विषयावर जगात भरपूर लिहिलं गेलंय तिथं ती बरीच बरोबर असतात. सोलापूरबद्दल, तेही मराठीत, लिहिलेलं कमी. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत ती जास्त घसरू शकतात, आणि घसरतानाही आवाज तितकाच ठाम असतो.

वापरायच्या आधी एक चाचणी घ्या. सोलापूरचे चार हुतात्मे कोण, त्यांना फाशी कधी आणि कुठं झाली, असं विचारा. बरोबर उत्तर तुम्हाला माहीत हवंच: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१, येरवडा कारागृह. चारही नावं, तारीख, जागा ताडून बघा. मग 'सोलापूर शहर कोणत्या नदीकाठी आहे?' असा फसवा प्रश्न विचारा. भीमा जिल्ह्यातून वाहते आणि शहराच्या जवळची नदी सीना, पण पंढरपूर जसं चंद्रभागेच्या काठी तसं सोलापूर कुठल्या मोठ्या नदीच्या काठी वसलेलं नाही. साधन हे नीट सांगतं की ठोकून देतं, ते बघा. हाच प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांसमोर केलात तर तो उत्तम तास होतो. मुलं यंत्राची चूक पकडायला टपलेलीच असतात.

काम सांगताना नेमकं सांगा. 'वजाबाकीची उदाहरणं दे' म्हटलं की पिझ्झा आणि बेसबॉलची उदाहरणं येतात. त्याऐवजी असं लिहा: "इयत्ता तिसरी. तीन अंकी संख्यांची दशक सुटा करून वजाबाकी. १० शाब्दिक उदाहरणं. संदर्भ: चादरीचं दुकान, आठवडी बाजार, उसाची ट्रॉली, एसटी. वाक्यं लहान. शेवटी उत्तरं वेगळी." आलेली दहाही उदाहरणं स्वतः सोडवा. उत्तर बरोबर असून गोष्ट खोटी असणं हा वेगळाच प्रकार आहे. ट्रॉलीत ४०० किलो ऊस भरला असं लिहून येतं, आणि माळशिरसचं पोरगं हसतं, कारण ट्रॉली टनांत मोजतात हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत. दहातली सहा ठेवा, चार फेका.

माझ्या मते एआयचा खरा उपयोग तीनच ठिकाणी आहे: एकाच उताऱ्याची सोपी आणि अवघड रूपं करणं, सरावाचे ढीगभर प्रश्न, आणि परिपत्रकाचा कच्चा मसुदा. मुलांच्या वहीवर शेरा, पालकांशी बोलणं, निकालपत्रातली वर्णनात्मक नोंद ही कामं त्याच्याकडं देऊ नका. मुलांची प्रगती लिहायच्या आकारिक नोंदवहीत तीस मुलांपुढे एकाच धाटणीची गोड वाक्यं आली की केंद्रप्रमुखही ओळखतात, आणि त्या नोंदीचा मुलाला काडीचा उपयोग नसतो. युनेस्कोनं २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडा काढला, त्यातली पहिली बाजू माणूस केंद्रस्थानी ठेवण्याची आहे. पाठ करायची गरज नाही, पण प्रशिक्षणात कुणी फक्त 'प्रॉम्प्ट' शिकवू लागलं तर हे विचारून बघा.

मुलाचं नाव, आधार, फोटो, आजार, घरची परिस्थिती यातलं काहीही या साधनांत टाकू नका. 'इयत्ता चौथीतला एक विद्यार्थी' एवढं पुरतं.

मुलांचे फोटो आणि याद्या

यावर थोडक्यात, कारण नियम साधा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. अपार आयडी या विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकालाही पालकांचं संमतीपत्र घेतात. शाळेच्या प्रवेशाच्या वेळीच एक लेखी संमती घेऊन ठेवा. परिपाठाचा फोटो गटात टाकायचा असेल तर लांबून, सगळ्यांचा मिळून काढा. शिष्यवृत्तीच्या यादीचा फोटो आधार आणि खाते क्रमांकांसह केंद्राच्या गटात टाकण्याची सवय मात्र आजच सोडा. एखाद्या पालकाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक लगेच लावायला सांगा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

सहावी पायरी : प्रशिक्षण पदरात पाडून घ्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोरच्या वर्गांनी सुरू झालं, टाळेबंदीनंतर दीक्षावर आलं. तेव्हापासून एक नवा रोग लागला: व्हिडिओ पुढे पळवायचा, प्रश्नावलीची उत्तरं गटातून घ्यायची, प्रमाणपत्र उतरवायचं. मी याला पूर्ण दोष देत नाही. दिवसभर शाळा, संध्याकाळी लिंका, रात्री दहाला तासाभराचा व्हिडिओ बघणार कोण? पण प्रमाणपत्र फाइलला लागतं आणि वर्गात काही पोचत नाही, हे खरंच आहे.

त्यापेक्षा असं करा. कोर्स सुरू करण्याआधी वर्गातली एक अडचण कागदावर लिहा: 'सहा मुलांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत.' कोर्समध्ये त्या अडचणीपुरतं जे असेल ते नीट बघा, बाकी वरवर चाळलं तरी चालेल. आठवड्यात ते वर्गात करून बघा. वेळापूरच्या डाएटचं (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं) किंवा तालुक्याच्या गटसाधन केंद्राचं प्रशिक्षण असेल तेव्हा हीच अडचण घेऊन जा आणि सुलभकाला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याला, सगळ्यांसमोर विचारा. जो सुलभक पडद्यावरचं वाचून दाखवतो त्याच्याकडून काही मिळणार नाही, हे दहा मिनिटांत कळतं. अशा वेळी शेजारी बसलेल्या माणसाकडून शिका.

केंद्राची महिन्याची शिक्षण परिषद ही यासाठी सर्वांत चांगली जागा आहे, फक्त तिचा अर्धा वेळ सूचना वाचण्यात जातो. केंद्रप्रमुखांना सांगून वीस मिनिटं मागून घ्या आणि एकच गोष्ट करून दाखवा: तारखेचा रकाना दुरुस्त करणं, नाहीतर इनस्क्रिप्टचा ऱ. भाषण नको. प्रत्येकाच्या हातात त्याचाच फोन आणि त्याच्याच शाळेची फाइल असली पाहिजे.

ज्येष्ठांना शिकवताना फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. आपण भराभर करून देतो, ते "व्वा" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येतो. बोट त्यांचं, बोलणं तुमचं, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ते स्वतः करतात. बदल्यात त्यांच्याकडून वर्ग सांभाळणं, पालकांशी बोलणं, टोळीतल्या मुलांचे दाखले मिळवणं शिका. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या लिंका एकट्यानं भरायचं कबूल करू नका. वर्षभरात तुम्ही शिक्षक कमी आणि ऑपरेटर जास्त व्हाल, आणि परिविक्षेचा हा काळ वर्गात हात बसवण्याचा आहे.

नवी लिंक आली की

ती येणारच, बहुधा संध्याकाळी, 'अतिशय तातडीचे' असं लिहून. आधी पाहा पाठवणारा कोण. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र सोबत आहे का, पत्ता शासकीय आहे का. नुसताच फॉर्म असेल आणि त्यात आधार, खाते क्रमांक किंवा ओटीपी मागितला असेल तर भरू नका, आधी केंद्रप्रमुखांना फोन करा. लिंक खरी असेल तर काय-काय विचारलंय ते एकदा शेवटपर्यंत बघा, माहिती कागदावर लिहून काढा आणि मगच भरायला बसा. अर्ध्यात पान बंद पडलं तर कागद वाचवतो. शेवटच्या दिवशी दुपारी सगळा जिल्हा एकदम बसतो आणि पान फिरत राहतं. सकाळी सहा-साडेसहाला तेच काम सात-आठ मिनिटांत होतं. भरून झालं की शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, छापा, त्यावर तारीख घालून मुख्याध्यापकांची सही घ्या आणि आवक-जावकला नोंद करून फाइलला लावा.